बिनदेवाची सुईण

४ मार्च

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे तुला, निम्मे पोटातल्या पाहुण्याला. वाटणीवरून भांडू नका.

डॉक्टरीणबाईंनी तुला बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही असं बजावल्याचं कळलं. वाईट वाटलं, आणि पाठोपाठ थोडं बरंही वाटलं. वाईट तुझ्यासाठी, बरं माझ्यासाठी. कारण सांगते.

औषधांचं दुकान विकल्यापासून मी कादंबरी लिहितेय हे तुला ठाऊकच आहे. डोंगरातल्या गावात एक सुईण, तिची ही गोष्ट. अकरा प्रकरणं बाई झपझप चालली. बाराव्यात अडली. प्रसंग असा की बाहेर बर्फ पडतंय, घाट बंद झालाय, पाववाल्याची सून सकाळपासून कळा देतेय आणि मूल काही यायचं नाव घेत नाही. बाहेरच्या खोलीत सगळं गाव देवाला साकडं घालून बसलंय. सुईणीने करायचं ते सगळं करून झालंय, आता नुसती वाट बघायची. आणि पंचाईत ही की हिचा देवावर विश्वास नाही. कोणावर रागावून नाही, कोणी गेलं म्हणून नाही. काहींना शिट्टी वाजवता येत नाही ना, तसं.

तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा बाईने ऐन वेळी हात जोडले. मी खोडते, ती जोडते. शेवटी ती खिडकीतून बर्फ बघत राहते असं लिहून पाठवलं, तर संपादकबाईंनी कळवलं की पात्र बर्फ बघायला लागलं म्हणजे लेखिकेला काही सुचलेलं नाही हे वाचकाला कळतं. नुसत्या 'नाही'वर कोणी तीनशे पानं चालत नसतं, बाईला कशावर तरी उभी करा, असंही म्हणाल्या.

तेव्हा तू तिला एक श्रद्धा बनवून दे. देव नको, स्वर्ग नको, मागचा-पुढचा जन्म नको, आणि 'निसर्गशक्ती' म्हणून देवाला मागच्या दाराने आत घेऊ नकोस. बाकी सामान हवं ते वापर. तू धुलाईयंत्रांची नि पंख्यांची माहितीपुस्तकं लिहितेस; अनोळखी यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला धीर कसा द्यायचा हे आपल्या घराण्यात फक्त तुला येतं.

तुझ्या वडिलांना यातलं काही सांगू नकोस. तो तुझं करायला येऊन राहिलाय हे छानच झालं, पण तो माझ्याशी बोलत नाही त्याला आता नऊ वर्षं होतील. कारण तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. सख्ख्या भावाचं ड्रायव्हिंग स्कूल असताना मी पंचावन्नाव्या वर्षी मोटार शिकले ती पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांकडे. आणि पहिल्या फटक्यात पास झाले. माझ्या मते त्याला पहिल्यापेक्षा दुसरं जास्त लागलं.

लोभ आहे तेवढा ठेव, आणि वजनासारखा दर आठवड्याला वाढू दे.

तुझी,
आत्या


९ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग सध्या बंद आहे, तेव्हा डाव्या कुशीवरूनच केलेला नमस्कार गोड मानून घे.

तुझं पत्र दारातून आणलं ते बाबांनीच. अक्षर ओळखलं. पाकीट कोपऱ्याला दोन बोटांनी धरून, ओला मोजा आणावा तसं आणलं, माझ्या उशाशी ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. तू कशी आहेस असं काही विचारलं नाही. काही लोक अजूनही क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवत असतील, असं खिडकीच्या गजांना म्हणाले.

घराचं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल करून टाकलंय. कूस बदलायची तर मी आधी हात दाखवायचा. उठून बसायचं तर पहिल्या गिअरमध्ये. आमचा क्रेनवाला नवरा बंदरावर दिवसभर उंचावर, मी दिवसभर आडवी, आणि बाबा दोघांच्या मध्ये उभे राहून रहदारी सांभाळतात. आमटीत मीठ जास्त झालं तर मान्य करत नाहीत. वळणावर थोडं जास्त पडलं म्हणतात.

तुझं काम मात्र फार आवडलं. आढ्याकडे बघून बघून कंटाळले होते. आता आढ्याकडे बघते ती विचारवंत म्हणून. क्रेनवाला कामावरून आला की त्याला वाचून दाखवते, तो जेवता जेवता मान डोलावतो, आणि मग कळतं की त्याला डुलकी लागली होती.

तर मसुदा असा. 'वापरण्यापूर्वी कृपया वाचा. हे जग कोणीही बनवलेलं नाही, त्यामुळे त्यासोबत हमीपत्र मिळत नाही. तक्रारीची खिडकी नाही. कारखान्याला पत्र लिहू नये, कारखाना नाही. बिघाड झाल्यास आपलंच काहीतरी चुकलं असं लगेच समजू नये. वापरणाऱ्यांनी अडचण आल्यास एकमेकांना विचारावं; बहुतेकांना उत्तर माहीत नसतं, पण विचारल्याने बरं वाटतं. हात मोकळे ठेवू नयेत, मोकळे हात आपोआप जोडले जातात. भीती वाटणं हा बिघाड नसून यंत्र चालू असल्याची खूण आहे.'

ते हात जोडण्याचं तुझ्या सुईणीसाठी मुद्दाम घातलंय. तिला काहीतरी विणायला दे, किंवा पातेलं घासायला दे.

कसं वाटलं ते कळव. आवडलं नाही तर आधी दोन ओळी कौतुकाच्या लिही, माझं ब्लडप्रेशर बघतात रोज.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारू


१६ मार्च

चि. खारूस,

दोघींना आशीर्वाद. (मुलगाच असला तर त्याने आपले शोधून घ्यावेत.)

या कौतुकाच्या दोन ओळी: मसुदा सुबक आहे. अक्षर सुरेख आहे.

आता खरं सांगते. मी आयुष्यभर काउंटरमागे उभी राहून औषधं विकली. तुझ्या श्रद्धेला एकही दुष्परिणाम नाही, आणि ज्याला दुष्परिणाम नाही त्याला परिणामही नसतो. ही साखरेची गोळी झाली. तरी मनात म्हटलं, आधी माणसांवर वापरून बघू. वरच्या मजल्यावरच्या व्हायोलिनच्या बाईंना जिन्यात गाठून सांगितलं की जगात तक्रारीची खिडकी नाही. त्यांनी लगेच विचारलं, मग तुमच्या टाइपरायटरच्या आवाजाबद्दल मी कोणाकडे बोलू?

मग माझ्या ध्यानात आलं की त्यात मनाई नाही. अमुक करू नका असं कोणी सांगितल्याशिवाय माणसाला आपण काही पाळतोय असं वाटतच नाही. म्हणून विचार करून करून मी एक मनाई घातली: पायातल्या चपलेपेक्षा जुनं भांडण मनात ठेवू नये. डोंगरातल्या बाईला शोभेल अशी आहे की नाही? तिथे चपला लवकर झिजतात.

हे मी सहज आमच्या लाँड्रीवाल्या बाईला बोलले. तिचं नि शेजारच्या शिंप्याचं एका आटलेल्या कोटावरून कधीपासूनचं वाकडं आहे, कोट ज्याचा तो माणूससुद्धा गाव सोडून गेलाय. ती पोट धरून हसली. दुसऱ्याच दिवशी नव्या चपला घेतल्या, आणि मला येऊन विचारते, हा नियम कादंबरीबाहेरच्या माणसांना लागतो का? मी म्हटलं, छे, मुळीच नाही. तरी तिला चैन पडेना. शेवटी चहाचे दोन कप घेऊन शिंप्याच्या दारात जाऊन उभी राहिली. त्याला बिचाऱ्याला या नव्या श्रद्धेची काय कल्पना! त्याने कात्री उचलली. पण चहा प्याला. आता दोघं रोज भांडतात, पण भांडण ताजं असतं.

इथवर ठीक होतं. लाँड्रीवालीने हे आमच्या वाचनालयातल्या गुरुवारच्या मंडळींना सांगितलं, आणि तिथे लोकांनी ते मनावर घेतलं. गेल्या गुरुवारी दहाबारा माणसं टेबलाखाली वाकून एकमेकांचे पाय बघत होती. तासाभरात फूट पडली. चपलेचा तळ बदलून घेतला तर चप्पल नवी धरायची की जुनीच, यावरून. तळवाले म्हणतात नवी, पट्टेवाले म्हणतात जुनी. ग्रंथपालांनी सगळ्यांना बाहेर काढलं. मी पायरीवर उभी राहून परोपरीने सांगत होते की ही फक्त एका पात्राची सोय आहे, तर पट्टेवाल्यांपैकी एक पेन्शनर मला म्हणाले, बाई, तुम्हाला यातलं काही कळत नाही.

बाराव्या प्रकरणात (सोबत पाठवलंय) मात्र अजून काही हललेलं नाही. पाववाल्याची सून कळा देतेय आणि सुईण स्वतःच्या चपलांकडे बघतेय. बर्फाऐवजी चपला, एवढीच प्रगती. काहीतरी दे, खारू. बाईने अशा वेळी तोंडाने काय म्हणायचं? समोरून उत्तर येणार नाही हे माहीत असताना?

पाय उशीवर घेऊन नीज, आणि या म्हातारीवरची मर्जी कायम ठेव.

तुझी,
आत्या


२४ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि., पुन्हा डाव्या कुशीवरून.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचत होते आणि बाबा दाराआड भांडी पुसत होते. चपलेच्या मनाईशी आल्यावर पुसण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने बघते तर दारातले आपले तपकिरी बूट हातात घेऊन उलटेपालटे करून बघतायत. मग समाधानाने खाली ठेवले. ते बूट तुमच्या भांडणाच्या आदल्या वर्षीचे आहेत, आत्या! भांडण बुटांपेक्षा लहान, म्हणजे नियमात बसतं. तेव्हापासून बाबा बुटांना रोज पॉलिश करतात आणि म्हणतात की जगात इतके धर्म झाले, त्यात हा त्यातल्या त्यात समजूतदार दिसतो. डाव्या बुटाचा तळ पार गेलाय, करंगळी हवा खाते. क्रेनवाल्याने नवे आणून देतो म्हटलं तर त्याला जावयांनी फार लाड करू नयेत असं सांगितलं.

तू विचारलंस, बाईने तोंडाने काय म्हणायचं. मला सुचत नाहीये. मसुदा लिहिला तेव्हा मी फार हुशार होते. 'हमीपत्र नाही' लिहून मी आणि क्रेनवाला किती हसलो होतो. परवा डॉक्टरीणबाईंनी पायाची सूज दाबून बघितली आणि काही बोलल्या नाहीत. एरवी त्या फार बोलतात. मागच्या खेपेला मूल राहिलं नाही तेव्हाही त्या अशाच गप्प झाल्या होत्या. मग दुपारभर मी माझीच वाक्यं म्हणून बघितली. भीती हा बिघाड नाही, भीती हा बिघाड नाही. पंख्याला सांगितल्यासारखं वाटलं. लिहिणारीलाच लागू पडत नसेल तर तुझ्या सुईणीला काय पडणार?

म्हणजे आता मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी विचारतेय. काही सुचलं तर आधी मला कळव, मग संपादकबाईंना.

माझं मन तुझ्याकडे ठेवलंय, सांभाळ.

तुझी,
खारू


२८ मार्च

श्रीमती ताई यांस,

न. वि. वि. ('स. न. वि. वि.'मधला 'स' म्हणजे सप्रेम. तो चुकून राहिलेला नाही.)

हे पत्र समेटाचं नाही. माझे बूट शाबूत आहेत. हे पत्र तांत्रिक आहे.

मुलीने तुझं बारावं प्रकरण मला वाचून दाखवलं. तुझी सुईण बर्फातून जीप घेऊन घाट चढते आणि तू लिहितेस की तिने चौथा गिअर टाकला. चौथ्या गिअरवर ती बाई पहिल्या वळणालाच दरीत जाईल आणि पाववाल्याच्या सुनेला आपलं आपण बाळंत व्हावं लागेल. दुसरा टाकावा. यावरून पलीकडच्या गल्लीत काय शिकवतात ते दिसून येतं.

दुसरा मुद्दा. तुम्ही दोघींनी मिळून जो धर्म चालवलाय त्यात बोलणं फार आहे. मुलगी हल्ली आढ्याकडे बघून पुटपुटत असते, ते मला आवडत नाही. मला विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) आमच्या धंद्यात हे रोजचं होतं. शिकवायच्या गाडीला माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असे. पण शेवटच्या दिवशी मी पोरांना त्यांच्या घरच्या गाडीवर बसवायचो. तिथे माझ्या पायाखाली काही नाही. तेव्हा मी हात गुडघ्यावर ठेवायचो, डोळे रस्त्यावर ठेवायचो आणि तोंड बंद ठेवायचो. उतरायचो मात्र नाही. एवढाच माझा धर्म. त्यात एकही पोर मेलेलं नाही, एक गाय जखमी झाली.

सुईणीला हे लागू पडत असेल तर वापर. माझं नाव घालू नये.

मुलीची तब्येत म्हणावी तशी नाही. तिला लिहू नकोस मी असं कळवलं म्हणून.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्ता वर आहे.

आपला,
धाकटा भाऊ


१ एप्रिल

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू 'स' गाळलास तरी मी मोठी आहे, मला गाळता येत नाही.

गिअर दुरुस्त केला. चौथा माझ्या हातून घाईत पडला; लिहिताना, गाडीत नव्हे.

तुझा धर्म मला फार आवडला. आपल्या भाषेत त्याला आधीपासून शब्दही आहे, शेजारधर्म. आज प्रकरणात घालून बघितला. सुईण हात गुडघ्यावर ठेवून बसली, आणि चक्क दहा ओळी तिने हात जोडले नाहीत. पण तुझ्या तोंड बंद ठेवण्याबद्दल मला शंका आहे. तुझ्या गाडीतला आरडाओरडा मी दुकानात काउंटरमागे ऐकलाय, दोन चौक सोडून.

खारूचं काही कमीजास्त असेल तर लाँड्रीत फोन कर. ती मला खिडकीतून हाक मारते. बूट काढून फोन करायची गरज नाही.

राग आहे तो राहू दे, जेवणं मात्र वेळेवर कर.

तुझी,
ताई


२२ एप्रिल

चि. खारूस आणि चि. नव्या पाहुणीस,

आशीर्वाद, आशीर्वाद. आता पत्ता नक्की झाल्यामुळे प्रत्येकीला वेगळे.

मी इथे सुखरूप पोहोचले. निघताना तू विचारलंस की त्या दिवशी बाहेर नेमकं काय चाललं होतं, कारण क्रेनवाला सांगता सांगता हसतो आणि तुझे बाबा काहीच झालं नाही म्हणतात. तर ऐक, सगळं झालं.

सकाळी क्रेनवाल्याचा फोन आला की तुला तातडीने हॉस्पिटलात नेलंय आणि ऑपरेशन करावं लागेलसं दिसतंय. लाँड्रीवालीने मला खिडकीतून हाक मारली ती अशी की शिंपीसुद्धा धावत आला. मी होते तशी गाडीत बसले. रस्ता पाठ असल्यासारखा झाला, वाटेत काय लागलं ते आजही आठवत नाही.

हॉस्पिटलच्या आवारात दोन रुग्णवाहिकांच्या मध्ये जेमतेम जागा होती. मी मागे घेत होते आणि आरशात कोण दिसावं? तुझे बाबा, फाटकाशी, पायात हॉस्पिटलच्या कोऱ्या रबरी चपला. आतल्या नर्सबाईंनी बूट बाहेर काढायला लावले होते. पाठ फिरवून उभे होते हं! पण माझी गाडी मागे जायला लागली आणि त्यांच्याने राहवेना. नऊ वर्षांनंतर सख्खा भाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, ते म्हणजे डावीकडे काप, अजून काप, कापतेस की नाही. मी कापली. एका दमात बसली गाडी. उतरून मी त्याच्या पायांकडे बघितलं. त्याने पण बघितलं. चपला त्या दिवशीच्याच होत्या. म्हणाला की उसन्या चपला धरत नाहीत. मी म्हटलं, धरतात, तळवाल्यांना विचार आणि पट्टेवाल्यांनाही विचार, यावर दोन्हीकडचं एकमत आहे. मग त्याने माझी पिशवी घेतली.

आत बाकावर आम्ही तिघं. क्रेनवाला भिंतीला टेकून उभा, पांढराफटक; रोज ढगांत बसणारा माणूस, जमिनीवर त्याला चक्कर येत होती. तुझ्या बाबांचा हात-गुडघ्यावर-तोंड-बंद धर्म किती टिकला म्हणशील? आतून तुझा पहिला आवाज आला तेवढाच. मग जे सुरू झाले! आत तुला ऐकू जात असल्यासारखे, हळू घे, घाई नाही, चढ आहे, दम धर. मी त्याला गप्प करायला गेले आणि माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा बोलतेय. मी औषधांची नावं म्हणत होते, मोठ्याने, अक्षरांच्या क्रमाने. इतक्या वर्षांत दुसरं काही पाठच केलं नाही ना. आणि दोघंही नकळत उठून उठून ऑपरेशनच्या दाराशी जाऊन उभे राहिलो होतो.

तेवढ्यात तिथल्या सुईणबाई आल्या. खऱ्या सुईणबाई, खारू, ट्रे हातात घेतलेल्या, कपाळाला घाम. मला काय बुद्धी झाली कोण जाणे. मी त्यांना थांबवून विचारलं की अशा वेळी तुम्ही मनात कशावर विश्वास ठेवता. क्रेनवाला सांगतो की मी पर्समधून पेन्सिलही काढली होती. हे मला मान्य नाही. त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की दारातून बाजूला व्हा.

झालो बाजूला. दार लागलं. मग आवाजच येईना, आणि ते आवाजापेक्षा वाईट. तुझे बाबा गप्प झाले, माझी औषधं संपली. बघते तर त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातोय. पुन्हा पुन्हा. जिथे ब्रेक असायचा तिथे. चेहरा सरळ, डोळे दारावर, आणि पाय आपला दाबतोय. मला ते बघवेना. मी माझा पाय त्यांच्या पायावर ठेवला. त्यांनी काढला नाही. मग खालच्या आवाजात विचारलं की मागे घेताना स्टिअरिंग असं खालून धरायला कोणी शिकवलं. मी मास्तरांचं नाव सांगितलं. म्हणाले, चुकीचं आहे, पण हात बरा बसलाय.

आणि मग ती रडली. पुढचं तुला माहीत आहे.

आता माझी अडचण. आल्यापासून बारावं प्रकरण नव्याने लिहिलं. बाक आहे, पाय आहे, दारातून बाजूला व्हा आहे, सगळं आहे. संपादकबाईंना आवडलंही. पण म्हणतात की ही सगळी बाहेरची मंडळी झाली. दाराच्या आत उभ्या असलेल्या बाईकडे काय आहे? पुन्हा तिथेच. तुला आता वेळ नसणार हे कळतं, पण मूल झोपलं की जमलं तर विचार कर.

मायेची ऊब दोघींना, माझ्या वाटची थोडी मागे ठेवा.

तुझी,
आत्या


२९ एप्रिल

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आज प्रथमच बसून लिहितेय, म्हणून नमस्कारही बसूनच.

मूल झोपलं की विचार कर, असं तू लिहिलंस. मूल झोपत नाही, आत्या. ते डोळे मिटून आपण कधी पाठ फिरवतो याची वाट बघतं. तुझं पत्र मी चार तुकड्यांत वाचलं, हे उत्तर किती तुकड्यांत जाईल ते बघ.

लोक बघायला येतात आणि नाक कोणाचं, कपाळ कोणाचं ते ठरवून जातात. बाबांचं म्हणणं की ती वळताना आधी डोळे फिरवते, मग मान, म्हणजे ड्रायव्हिंग उपजत आहे. तिच्याशी ते दिवसभर बोलतात. परवा तुझ्याबद्दलही सांगत होते. बारीक आवाजात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. एवढंच कळलं की गाडी दोन रुग्णवाहिकांच्या मध्ये एका दमात बसली, आणि पुढे आवाज आणखी बारीक झाला.

तुझ्या सुईणीबद्दल. मी काही बनवलेलं नाही, मला आता वाक्य बनवता येत नाही. पण हिच्याकडे बघून एक दिसलं ते सांगते. हिचा एका गोष्टीवर पक्का विश्वास आहे. आपण रडलो की कोणीतरी येतं. तिच्या रडण्यात विनंती नसते, शंका नसते, मागच्या वेळी उशीर झाला होता याची आठवण नसते. नुसती रडते आणि दाराकडे तोंड करून ठेवते. इतका विश्वास मी कोणाचाच कशावर बघितलेला नाही. आणि याला आधार म्हणशील तर वरही काही नाही, खालीही काही नाही. आम्हीच आहोत, मळके कपडे घातलेली, पेंगुळलेली तीन माणसं. आम्ही गेलो की तिचं खरं. नाही गेलो की खोटं.

म्हणून क्रेनवाल्याने बंदरावरच्यासारख्या ड्युट्या लावल्या आहेत. दुपार बाबांची, संध्याकाळ त्याची, रात्र आलटूनपालटून. बुधवार त्याने मोकळा सोडलाय. पुढे तुझं नाव घातलंय, तुला न विचारता, बाबांच्या सांगण्यावरून. येताना दुसऱ्या गिअरवर ये असंही बाबांनी सांगितलंय. घाट नसला तरी.

तर आत्या, ती तुझी बाई. ती बर्फातून का आली? तिकडे कोणीतरी रडलं म्हणून. बाहेर बसलेल्यांनी काय हवं ते म्हणावं, पाववाल्याच्या सुनेने दाराकडे तोंड केलं आणि ही आली. मला वाटतं हिला धरायला काही देऊ नकोस. हिला धरूनच बाकीचे आहेत. मला त्या दिवशी आतमध्ये तुझे आणि बाबांचे आवाज येत होते, म्हणजे अगदी दार लागेपर्यंत. चढ आणि खोकल्याची औषधं. मला वाटलं, ही दोघं भांडत नाहीयेत, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. आणि मग वाटलं, पण आलीत.

हे संपादकबाईंना पुरेल की नाही माहीत नाही. मला पुरलं.

आता थांबते. पोरगी रडतेय. ड्यूटी तुझ्या भावाची आहे, पण ते खुर्चीत बसल्या बसल्या घोरतायत, आणि तिने दाराकडे तोंड केलंय. जाते.

येशील तेव्हा लोभ बरोबर आण, इथे लागतो.

तुझी,
खारू